ऑक्टेव्हिया आरएसला कॉइलओव्हर बसवलेत, इंदूरच्या रस्त्यांसाठी सेटिंग कसं करावं?

तुकोगंजकर

नमस्कार मंडळी. गाडी ऑक्टेव्हिया आरएस २४५. २०२० साली भारतात २०० च आल्या, त्यातली एक. मूळचे शॉकअप गळायला लागले, तेव्हा तसेच नवे घेण्याऐवजी कॉइलओव्हर किट (स्प्रिंग आणि शॉकअपचा, फिरवून लावता येणारा जोड) घेतलं. उंची कमीजास्त करता येते, डँपिंगला (स्प्रिंगचं डुलणं आवरण्याच्या जोराला) प्रत्येक शॉकअपवर एकच नॉब आहे, ३० क्लिकचा. स्प्रिंगा पुढे ८ किलोच्या आणि मागे ९ किलोच्या (प्रति मिमी).

किट शहरातल्याच एका गॅरेजात बसवलं. गाडी उभी राहिली की बघत राहावं अशी दिसते, पण चालवताना जीव रमत नाही. कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवर हळू गेलं तरी पुढून ठक्क असा आवाज येतो. बायपासवर पुलांचे सांधे आले की गाडी पुढेमागे डुलत उड्या घेते. पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा मडगार्डच्या जवळ दिसतं. टेप लावून पाहिली तर १२ मिमीचा फरक भरला. जोरात ब्रेक मारला की एबीएस पूर्वीपेक्षा लवकर थरथरतं. नॉब सगळे मधोमध, १५ वर ठेवलेत. "स्पोर्ट सेटअप आहे साहेब, एवढं कडक असणारच," असं उत्तर मिळालं. मला ते पटत नाही, कारण कंपनीतून आली तेव्हा हीच गाडी घट्टही होती आणि शहाणीही.

दिवाळीत आईबाबांना घेऊन सेंधव्यामार्गे पुण्याला जायचंय. त्याआधी हे मार्गी लावायचं आहे. सुरुवात नॉबपासून करू की उंचीपासून?

ग्वाल्हेरचा_गडी

भाऊ, फोटो टाका आधी! कॉइलओव्हर लावून गाडी उंच ठेवायची तर मग लावायचेच कशाला? मी माझी सिविक चांगली खाली घेतली आहे. खड्डा दिसला की हळू करायचं, संपलं.

पाना_१७

तुकोगंजकर, तुमच्या पोस्टमध्येच निम्मी उत्तरं आहेत. मी सुदामानगरला राहतो, पीथमपूरला गाड्यांच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. जरा सविस्तर लिहितो.

नॉबला आत्ता हात लावू नका. आधी स्प्रिंग आणि उंची, मग वजनाचा समतोल, मग अलाइनमेंट, आणि नॉब सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं, कारण उंची हलली की टो (वरून बघताना चाकं आत की बाहेर वळलेली) हलतो, कँबर (समोरून बघताना चाकाचा कल) हलतो आणि चारही चाकांवरचा भार बदलतो.

आता तो ठक्क आवाज. शॉकअपचा रॉड आत जायला ठरावीक जागा असते. स्प्रिंगखालची आट्यांवरची रिंग, म्हणजे कॉलर, फिरवून गाडी जितकी खाली घ्याल तितकी ती जागा कमी. ती संपली की रॉड बंप-स्टॉपवर जातो, आणि तिथून पुढे तुमची स्प्रिंग ८ किलोची आहे की ५ ची याला काही अर्थ उरत नाही. रबराचा ठोकळाच स्प्रिंग होतो. तुम्ही ज्याला कडकपणा म्हणताय तो बहुतेक कडकपणा नाहीच, गाडी ठोकळ्यावर चालते आहे.

हे ताडून बघायला पैसे लागत नाहीत. पुढचं चाक काढा, रॉडवरचं धुळीचं रबरी कव्हर वर सरकवा आणि रॉडला एक प्लास्टिकची झिप टाय घट्ट पण सरकेल अशी बांधून अगदी खाली, शॉकअपच्या तोंडाशी आणून ठेवा. मग रोजच्या रस्त्याने फिरून या. परत येऊन पाहा ती कुठवर ढकलली गेली आहे. थेट बंप-स्टॉपपर्यंत गेली असेल तर प्रश्न मिटला. गाडी वर घ्यावी लागणार.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या नियमावलीत स्पीडब्रेकरचं माप दिलं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येची गोलाई, ताशी २५ किमीने ओलांडण्यासाठी. असा स्पीडब्रेकर असेल तर खाली घेतलेली गाडीसुद्धा मजेत जाते. कॉलन्यांमध्ये जे असतात ते तेवढेच उंच पण जेमतेम दोन हात रुंद, उभ्या भिंतीसारखे. आपल्याला गाडी लावायची ती त्यांच्यासाठी. माझा अंदाज असा की इंदुरात पुढे, ठोकळ्याला टेकण्याआधी, रॉडची निदान ५० मिमी हालचाल मोकळी हवी. गाडी किती खाली ठेवायची हे या ५० मिमीनं ठरवा, मडगार्डमधल्या फटीनं नाही.

ग्वाल्हेरचा_गडी

दादा, मग जास्त प्रीलोड देऊन स्प्रिंग दाबून ठेवली तर? स्प्रिंग कडक होईल, ठोकळ्याला टेकणार नाही, आणि गाडी खालीच राहील.

पाना_१७

नाही होणार, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की थोडा हिशेब मांडतोच.

समजा पुढच्या एका स्प्रिंगवर गाडीचा ४०० किलो भार आहे आणि स्प्रिंग ८ किलोची. म्हणजे गाडी जमिनीवर उतरली की स्प्रिंग ५० मिमी दबणार. आता कॉलर फिरवून तुम्ही तिला आधीच ५ मिमी दाबून ठेवलीत, म्हणजे ४० किलोचा प्रीलोड. गाडी उतरल्यावर स्प्रिंग तरीही एकूण ५० मिमीच दबणार, कारण भार तोच ४०० किलो आहे. पाच आधीच दबलेत, राहिलेले ४५ आता दबतील. झालं काय, तर गाडी ५ मिमी उंच बसली. पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला लागणार ८ च किलो. स्प्रिंग कणभरही कडक झालेली नाही.

उलट एक नुकसान झालं. चाक खड्ड्यात उतरताना स्प्रिंग मोकळी व्हायला ५० ऐवजी ४५ मिमी उरले. आपल्याकडे गाडी आदळते त्याचं निम्मं कारण वर येणारा उंचवटा नसतो, खाली जाणारा खड्डा असतो. चाक खाली पोचलंच नाही तर सगळी गाडी त्यात पडते.

यात किटचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एकात उंची स्प्रिंगच्या कॉलरनेच बदलते. दुसऱ्यात शॉकअपचं खालचं ब्रॅकेटच आट्यांवर वरखाली होतं, म्हणून प्रीलोडला आणि रॉडच्या हालचालीला धक्का न लावता उंची बदलता येते. तुकोगंजकर, तुमच्या पुढच्या शॉकअपला खाली आट्यांवर वेगळा लॉक-नट आहे का?

तुकोगंजकर

आहे. खाली एक जाड रिंग आणि वर स्प्रिंगखाली दोन. गॅरेजमध्ये फक्त वरच्या फिरवल्या होत्या.

झिप टाय लावून पाहिली. घरून विजयनगर, तिथून सुपर कॉरिडॉर आणि परत. दोन्हीकडे टाय ठोकळ्याला चिकटलेली. डावीकडची तर ठोकळ्यात दाबली जाऊन चपटी झाली आहे.

बडोदेकरीण

माझी जेट्टा आहे, शोरूमच्याच सस्पेन्शनवर, पण धागा मन लावून वाचते आहे. पाना दादा, एक विचारू? मागच्या बाजूला कॉइलओव्हर म्हणतात ते दिसलंच नाही मला कुठे. माझ्या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. मग किटमध्ये मागे काय येतं?

पाना_१७

ताई, अगदी नेमकं पाहिलंत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग. मागे ऑक्टेव्हिया आरएसला मल्टिलिंक आहे, म्हणजे चाक बऱ्याच आर्मांनी (दांड्यांनी) धरलेलं, त्यात स्प्रिंग खालच्या आर्मवर आतल्या बाजूला बसते आणि शॉकअप तिच्यापासून वेगळा. किटमध्ये मागे एक स्प्रिंग, तिच्यासाठी उंची बदलणारी आट्यांची बैठक आणि वेगळा शॉकअप येतो. लोक सवयीने चारहींना कॉइलओव्हरच म्हणतात.

याचा हिशेबावर मोठा परिणाम होतो. स्प्रिंग चाकापासून आत असल्यामुळे तिची ताकद चाकापर्यंत पोचताना घटते, आणि ती त्या गुणोत्तराच्या वर्गाने घटते. समजा स्प्रिंग आर्मच्या दोन तृतीयांश अंतरावर आहे. मग ९ किलोची स्प्रिंग चाकापाशी ९ गुणिले चार नवमांश, म्हणजे ४ किलोचीच भरते. आणि बैठक १० मिमी फिरवलीत तर गाडी १५ मिमी हलते. मागे उंची लावताना म्हणून अर्धा-अर्धा फेरा फिरवत जायचं.

पुढच्या स्ट्रटमध्ये मात्र स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते. ८ ची स्प्रिंग चाकापाशी सव्वासातच्या आसपास.

आता तुकोगंजकरांच्या उड्यांकडे येतो. हा भाग मला फार आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो. स्प्रिंगवर ठेवलेल्या कुठल्याही भाराला स्वतःचा एक झोका असतो, सेकंदाला किती वेळा वरखाली होईल तो. पुढे चाकाला ७.२ किलो प्रति मिमी आणि वर ४०० किलो, असा हिशेब केला तर सेकंदाला साधारण २.१ झोके. मागे चाकाला ४ किलो आणि वर अंदाजे २५० किलो, तर साधारण २.० झोके. आरामशीर सेडान सेकंदाला १ ते १.५ मध्ये असते, रस्त्यावरच्या स्पोर्ट गाड्या दोनच्या आत.

म्हणजे तुमचं पुढचं अंग मागच्यापेक्षा जलद झोके घेतंय. पुलाच्या सांध्यावर आधी पुढचं चाक चढतं, मग मागचं. पुढचं अंग आधी उसळतं आणि त्याचा झोकाही जलद, त्यामुळे मागचं अंग त्याला कधी गाठतच नाही. गाडी पुढेमागे डुलत राहते. मागचा झोका पुढच्यापेक्षा किंचित जलद असला तर मागचं अंग उशिरा निघूनही पुढच्याला गाठतं, दोन्ही बरोबर शांत होतात आणि गाडी सपाट राहते. जनरल मोटर्समध्ये १९३० च्या दशकात मॉरिस ऑली या अभियंत्याने हे पद्धतशीर मांडलं. आजही गाडी लावणारे लोक याला फ्लॅट राइडच म्हणतात.

माझा सल्ला: मागच्या स्प्रिंगा राहू द्या. पुढे ८ च्या जागी ६ किलोच्या घ्या, आतला व्यास तोच, लांबी थोडी जास्त, कारण त्या ५० ऐवजी ६७ मिमी दबणार आहेत. मग पुढचे झोके १.८ वर येतात, मागचे २.० वर राहतात. एवढा बदल तुमच्या शॉकअपचा नॉब आरामात सांभाळेल.

रामबागकर

पाना, तुम्ही लिहिलेलं वाचून समाधान वाटलं. माझं वय झालंय, गाडी आता मुलगा चालवतो, पण एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात मालकाने केलेल्या बदलाला, सुटे भाग लावण्यासकट, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर चाकाच्या कमानीत बॅटरी मारून बघतोच.

तुकोगंजकर

काका, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. विम्याचं पत्र आजच टाकतो.

पाना दादा, ६ किलोच्या स्प्रिंगा मागवल्या. पण तो १२ मिमीचा फरक? डावीकडची कॉलर वर घेऊन दोन्ही फटी सारख्या केल्या की झालं ना?

पाना_१७

फटी सारख्या करणं ही सुरुवात. तिथे थांबू नका. आधी सांगा, ती १२ मिमी कुठे उभी करून मोजली? गॅरेजच्या फरशीला बहुधा पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी आणा. चारही चाकांच्या जागी पाण्याची पातळी खुणवा, आणि जिथे फरशी खाली आहे तिथे टाइलचे तुकडे ठेवून चारही जागा एका पातळीत आणा. टायरमधली हवा थंड असताना सारखी. पेट्रोल अर्धी टाकी. चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतक्या गव्हाच्या गोण्या. माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं, जमिनीपासून नाही, म्हणजे टायरचा फरक मधे येत नाही. आणि जॅकवरून उतरवल्या उतरवल्या मोजायचं नाही. गाडी थोडी पुढेमागे करून, कोपरे दाबून बसू द्यायची.

मग वजन. चार पायांच्या बाजेचा एक पाय आखूड असेल तर भार कर्णावरच्या दोन पायांवर जातो आणि उरलेले दोन नुसते टेकलेले असतात. गाडीचं तंतोतंत तसं आहे. डावी पुढची कॉलर खाली असेल तर त्या चाकावरचा भार कमी होतो, आणि त्याच्या कर्णावरच्या मागच्या उजव्या चाकावरचाही. बघणाऱ्याला वाटतं, खाली बसलेलं चाक म्हणजे जास्त वजन. असतं उलट. तुमचं एबीएस लवकर जागं होतं त्यामागे हेच असावं. हलक्या चाकाची पकड आधी सुटते.

रेसच्या लोकांकडे यासाठी खास वजनकाटे असतात. आपल्याकडे दुसरी सोय आहे. छावणीच्या धान्य मंडीत ज्यांची ओळख असेल त्यांच्याकडून ५०० किलोपर्यंतचे चार इलेक्ट्रॉनिक काटे एका रविवारी मिळू शकतात. चारही एकाच उंचीचे हवेत, आणि आधी एकच ओळखीचं वजन चारहींवर ठेवून ते सारखं दाखवतात का ते पाहायचं. काट्यांवर टायरखाली प्लास्टिकच्या दोन चकत्या मधे ग्रीस लावून ठेवा, म्हणजे चाक बाजूला सरकून मोकळं बसेल. स्टॅबिलायझरची (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांडीची) एका बाजूची लिंक सोडा, नाहीतर तोच भार इकडून तिकडे ढकलत राहील.

डावं पुढचं आणि उजवं मागचं यांची बेरीज करा, एकूण वजनाने भागा. ५० टक्क्यांच्या आसपास आली पाहिजे.

बडोदेकरीण

मंडीचे काटे! आमच्याकडे सयाजीपुऱ्याच्या मार्केट यार्डातही असतील. हे वाचून माझा भाऊ आत्ताच स्वतःच्या गाडीचं वजन करायला निघाला आहे.

तुकोगंजकर

झालं काम! स्प्रिंगा बसवल्या, वरच्या कॉलर फिरवून गाडी वर घेतली, आणि रविवारी मामांच्या ओळखीने काटे आणले. आकडे टाकतो.

पहिल्यांदा, फटी वरवर सारख्या करण्याआधी: पुढे डावं ४२८, पुढे उजवं ४९२, मागे डावं ३१२, मागे उजवं २६८. एकूण १,५००. डावं पुढचं अधिक उजवं मागचं ६९६, म्हणजे ४६.४ टक्के. पाना दादा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच, खाली बसलेलं चाक हलकं निघालं. काट्यावर तो आकडा उमटला तेव्हा मामांनी दोनदा वाकून पाहिला.

मग पुढची डावी बाजू वर, उजवी थोडी खाली, मागे उजवी वर आणि डावी खाली, असं थोडं थोडं करत गेलो. एक फिरवलं की चारही आकडे हलतात. शेवटी: ४५४, ४६६, २८६, २९४. कर्णाची बेरीज ७४८, म्हणजे ४९.९ टक्के. डाव्या बाजूची एकूण ७४० आणि उजवीची ७६० ही मात्र हलली नाही. तिथे काही चुकतंय का?

पाना_१७

काही चुकत नाही, सुंदर काम झालंय. डावी-उजवी आणि पुढची-मागची बेरीज कॉलरने बदलत नसते. ती गाडीतलं सामान आणि माणसं कुठे बसलीत त्यावर ठरते. तुमचे आकडे त्याला इमानदार आहेत, म्हणजे मोजणीही नीट झाली.

आता एक गोष्ट ज्यावर मी अडून बसेन. लोअर आर्मचे आणि मागच्या आर्मचे बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना आवळले आहेत का ते बघा. या बुशमध्ये रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म खाली लटकत असताना बोल्ट आवळला, तर गाडी उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. ते स्वतःच एक स्प्रिंग होऊन उंची बिघडवतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट सैल करा, गाडीचा भार चाकांवर येऊ द्या, मग आवळा. या गाड्यांत टॉर्क अधिक कोनाने आवळायचे बोल्ट बरेच असतात. ते आवळताना ताणले जातात, म्हणून एकदा काढले की नवेच घालायचे. तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

मग अलाइनमेंट. काट्यांचं काम झाल्यानंतरच. गोण्या सीटवर तशाच ठेवून करायला सांगा. पुढे कँबर उणे दीड अंशाच्या आत-बाहेर, टो शून्याच्या जवळ, मागे टो थोडासा आत. टायरची आतली कड खाल्ली जाते तेव्हा सगळे कँबरला दोष देतात, पण टायर झिजवण्यात टो त्याच्या कितीतरी पुढे आहे.

ग्वाल्हेरचा_गडी

दादा, एक मनापासून विचारतो. माझी सिविक वळणावर आधीपेक्षा जास्त कलते असं मला हल्ली वाटतं. खाली घेतल्यावर कलणं कमी व्हायला हवं ना?

पाना_१७

तुमचं निरीक्षण खरं आहे. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी खाली घेतली की खालचा आर्म आडवा होतो, आणखी खाली घेतली तर चाकाच्या बाजूने वर चढलेला दिसतो. गाडी वळणावर ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर या आर्मच्या कोनावर ठरतो, आणि गाडी जितकी खाली येते त्यापेक्षा तो कितीतरी जास्त खाली घसरतो. वजनाचा मध्य आणि तो बिंदू यांच्यातलं अंतर वाढतं, म्हणून कलण्याची ओढ वाढते. शिवाय आर्म आडव्याच्या पुढे गेला की चाक दबताना कँबर मिळण्याऐवजी जातो. टाय-रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतच्या दांडीचा) कोनही बिघडतो, मग खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. गाडी सपाट जागी उभी करून वाकून बघा. तुमचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढलेला असेल तर तो आडवा होईपर्यंत तरी गाडी वर घ्या.

ग्वाल्हेरचा_गडी

पाहिलं. चढलेला आहे. या आठवड्यात वर घेतो.

तुकोगंजकर

अलाइनमेंट झाली, बुशचे बोल्ट नवे घालून जमिनीवर आवळले. गाडी आत्ताच वेगळी वाटते आहे. आता नॉब?

पाना_१७

आता नॉब. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, जोर लावायचा नाही, आतली सुई बसते तिथे. तिथून उलटे क्लिक मोजा आणि वहीत लिहा. "मधोमध" असं लिहू नका, प्रत्येक चाकाचा आकडा लिहा.

एकच नॉब असलेल्या शॉकअपमध्ये तो मुख्यतः रिबाउंडवर काम करतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडेल त्यावर. फार सैल असेल तर उंचवट्यानंतर गाडी होडीसारखी दोन-तीनदा हलत राहते. हे लगेच कळतं. फार घट्ट असेल तर जे होतं ते चकवणारं असतं. लागोपाठच्या उंचवट्यांवर स्प्रिंगला पूर्ण उघडायला वेळच मिळत नाही, पुढचा उंचवटा येईपर्यंत गाडी थोडी खालीच राहते, त्याच्या पुढच्याला आणखी खाली, आणि चार-पाच पट्ट्यांनंतर ठोकळ्यावर येऊन बसते. माणूस म्हणतो, अजून मऊ पडतंय, घट्ट करू. आणि आणखी बिघडवतो.

तपासायला रंबल पट्ट्यांइतकी चांगली जागा नाही. मोकळा रस्ता आणि सकाळची वेळ बघून, ५० च्या वेगाने पट्ट्यांवरून जा. पहिल्या पट्टीपेक्षा शेवटची जास्त बोचली तर रिबाउंड घट्ट आहे, दोन क्लिक सोडा. मग एक एकटा लांब उंचवटा शोधा. त्यावरून गेल्यावर गाडी एकदा वर येऊन तिथेच थांबली पाहिजे. डुलली तर एक क्लिक घट्ट. या दोन्हींच्या मधे तुमचा आकडा आहे. एका वेळी एकाच टोकाचे, पुढचे दोन किंवा मागचे दोन, नॉब बदलायचे.

तुमची पुढची स्प्रिंग आता मऊ आहे, म्हणून पुढे आधीपेक्षा सैल क्लिक लागतील. घट्ट स्प्रिंगला उघडताना आवरायला जास्त डँपिंग लागतं, मऊला कमी.

तुकोगंजकर

दोन रविवारची सकाळ यात घातली. बंद स्थितीपासून पुढे २०, मागे १७ वर थांबलो. पट्ट्यांवर शेवटचा धक्का पहिल्यासारखाच लागतो. बायपासच्या सांध्यांवर गाडी एकदा उचलली जाते आणि सरळ खाली बसते, डुलणं गेलं. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात नेऊन आणली. वळणावर मधे खड्डा आला तरी चाक रस्ता सोडत नाही. झिप टाय आता ठोकळ्याच्या बोटभर आधी थांबते. आई मागे बसली होती, तिने विचारलं, टायर बदललेस का.

पुण्याला जाताना मागे तिघं आणि डिकी भरलेली असेल. मागची उंची आत्ताच वाढवून ठेवू का?

पाना_१७

मागे २०० किलो वाढले तर एका चाकाला १००, आणि चाकापाशी ४ किलोच्या हिशेबाने गाडी २५ मिमी बसेल. मागच्या रॉडला तेवढी जागा उरते का ते झिप टायनेच बघा, डिकीत गोण्या टाकून. जागा पुरत असेल तर उंचीला हात लावू नका, नाहीतर परत काटे आणि परत अलाइनमेंट. मागचे नॉब फक्त दोन क्लिक घट्ट करा, भार वाढला की झोका मोठा होतो म्हणून. परत आल्यावर वहीतल्या आकड्यावर आणा. टायरची हवा दारावरच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिली आहे तेवढी.

आणि बिजासन घाट उतरताना लक्षात ठेवा, मागे भार असला की हेडलाइट वर बघतात. तुमच्या गाडीत उंची मोजणारा सेन्सर आहे, पण त्याला नवी उंची शिकवावी लागते. ज्यांच्याकडे व्हीसीडीएस (या गाड्यांच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून सेटिंग करायचं साधन) आहे त्यांच्याकडून हेडलाइटची बेसिक सेटिंग करून घ्या, गाडी रिकामी आणि सपाट जागी उभी असताना.

रामबागकर

पावसाळा संपला की आट्यांचंही बघा. आपली काळी माती ओली असताना आट्यांत शिरते आणि उन्हात वाळली की सिमेंटसारखी धरते. वर ॲल्युमिनियमची कॉलर असेल तर ती जागीच जाम होते. मुलाच्या गाडीची कॉलर सोडवताना पान्याचा दात मोडला होता.

पाना_१७

काका म्हणतात ते अगदी खरं. तुकोगंजकर, निघण्याआधी आट्या नायलॉनच्या ब्रशने, पाण्याने धुऊन कोरड्या करा. लोखंडी ब्रश नको, मुलामा जातो. ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून लापशी होते. किटबरोबर कापडी कव्हर आलं असेल तर ते घाला. आणि सगळे लॉक-नट एकदा सी-पान्याने तपासा, नव्या स्प्रिंगा बसल्यावर ते थोडे सैल होतात.

तुकोगंजकर

डावीकडचा खालचा लॉक-नट पाव फेरा सैल निघाला. आवळला, आणि वर पांढऱ्या पेंटची रेघ मारून ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं बघून कळेल. गोण्या टाकून मागचा रॉडही पाहिला. ठोकळ्याआधी १८ मिमी उरतात. उंची तशीच ठेवतो.